युगुलगान आणि संसार

युगुलगीतात दोन गळे एकरूप झाले पाहिजेत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इटलीतील आल बानो व रोमिना पॉवर या जोडीची कारकीर्द पाहिली म्हणजे हा समज तपासून घ्यावासा वाटतो.

आल बानो यांचा जन्म १९४३ साली दक्षिण इटलीतील चेल्लिनो सान मार्को या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी मिलानला जाऊन, पडेल ते काम करीत त्यांनी गाण्याची वाट धरली. रोमिना १९५१ साली लॉस एंजेलिसला जन्मल्या. त्यांचे वडील म्हणजे हॉलिवूडचे विख्यात नट टायरोन पॉवर. १९६७ च्या ‘नेल सोले’ या चित्रपटाच्या निमित्ताने दोघांची गाठ पडली, १९७० मध्ये विवाह झाला आणि १९७५ पासून ती दोघे जोडीने गाऊ लागली.

आल बानो यांचा आवाज चढा, खुला व दमदार. रोमिना यांचा हळुवार, बोलल्यासारखा. वरवर पाहता जोडी विजोडच! परंतु त्यांच्या गाण्याची गोडी नेमकी येथेच आहे. एकाने स्वर उंच न्यावा, दुसरीने तो अलगद खाली आणावा, यामुळे गाण्याला संवादाचे रूप येते.

सान रेमो या समुद्रकाठच्या गावी १९५१ पासून प्रसिद्ध गीतस्पर्धा भरते. तेथे १९८२ मध्ये त्यांचे ‘फेलिचिता’, म्हणजे ‘सुख’, हे गीत दुसरे आले. १९८४ मध्ये ‘चि सारा’ या गीताने पहिला क्रमांक पटकावला.

साध्या सहवासातले सुख नवरा-बायकोच गाऊन सांगू लागली, तेव्हा लोकांनी गाणे आणि संसार एकच मानला. पुढे १९९४ साली त्यांची थोरली मुलगी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे बेपत्ता झाली. १९९९ मध्ये दोघे विभक्त झाली. २०१२ मध्ये घटस्फोट झाला. मग ते सुखाचे गाणे खोटे ठरले काय?

इटालियन गाण्यांचा चाहता वर्ग रशियात सोव्हिएत काळापासून मोठा आहे. २०१३ मध्ये मॉस्को येथे ही दोघे अनेक वर्षांनी पुन्हा एका रंगमंचावर गायली. २०१५ मध्ये वेरोनाच्या प्राचीन रोमन प्रेक्षागारातही त्यांचा कार्यक्रम झाला. संसार उरला नव्हता; पण दोन वेगळ्या आवाजांनी एकमेकांना जागा देण्याची जुनी रीत कायम होती. ऐकणाऱ्यांनी त्या गाण्यात आपापले सुख आधीच साठवले होते, आणि ते गायकांच्या घरावर अवलंबून नव्हते.