व्हिक्टोरियन इमारती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजी अमदानीतली कोणतीही दगडी इमारत ‘व्हिक्टोरियन शैलीची’ समजली जाते. वास्तविक व्हिक्टोरियन हे एका काळाचे नाव आहे. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी चालली आणि तेवढ्या अवधीत शैली अनेकदा पालटल्या. ग्रीक धाटणीचे खांब मिरवणारा मुंबईचा टाउन हॉल १८३३चा, म्हणजे राणी गादीवर येण्याआधीचा. गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४ साली. दोन्ही वास्तू या काळाबाहेरच्या आहेत.

संस्थेचे साल तेच इमारतीचे साल, हा समजही फसवा आहे. धारवाडला कर्नाटक कॉलेज १९१७ साली सुरू झाले. त्याची मुख्य इमारत मात्र त्याआधीची, सदर्न मराठा रेल्वेच्या कचेरीची. १९०८ साली ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या आणि मुख्यालय मद्रासला गेले.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि शैलीतले बदल इलाख्याच्या राजधानीतच सर्वांत स्पष्ट दिसतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये (१८५८) टोकदार कमानींची गॉथिक शैली दिसते. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मोकळ्या जागेत गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ साली, तर राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय १८७८ साली पुरे झाले. त्याच वर्षी बांधकाम सुरू झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसमध्ये गॉथिक कमानींवर घुमट चढला. टर्मिनसचेच वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या महापालिका इमारतीत (१८९३) हिंदी-इस्लामी वळण आणखी ठळक झाले.

‘हे सारे विलायतेची नक्कल’ हा समज अर्धाच खरा. विद्यापीठाचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई न पाहताच लंडनमध्ये काढले, हे खरे. पण टॉवर उभा राहिला तो कुर्ल्याच्या दगडात, आणि त्यावरचे पुतळे पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांतील माणसांचे आहेत. टर्मिनसवर स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य सहायक अभियंता होते. तिथले प्राणी, पक्षी आणि पानेफुले घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. रुंद व्हरांडे ऊन आणि पावसाची झड अडवण्यासाठी काढले गेले. या कारागिरांची नावे इमारतींच्या पाट्यांवर क्वचितच दिसतात. ती लिहिली जायला हवीत.

ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडची ही गॉथिक रांग आणि पश्चिमेकडच्या विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारती, या दोन्हींना मिळून युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.