फार्मसीची प्रवेश परीक्षा : हे आडसाली पीक आहे



मागल्या गळीत हंगामातली गोष्ट. तोडीची चौकशी करायला शेतकी ऑफिसात गेलो होतो. बाकावर शेजारच्या गावचे एक सभासद बसले होते. ऊस, पाणी, मजूर अशी बोलणी होता होता पोराबाळांवर गाडी आली. म्हणाले, "पोरीला फार्मसीला घालायचंय. यंदा बारावीला हाय. सत्तर टक्के पडले म्हंजे झालं." मी विचारले, "पाव्हणं, सीईटीचा अर्ज भरला का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "ती कशाला? बारावीच्या मार्कावरच मिळतं की!"

त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते आणि निम्मे चुकीचे. या निम्म्या माहितीपायी आपल्या कार्यक्षेत्रातल्या मुलामुलींचे नुकसान होते. मी स्वतः एका पोराच्या बाबतीत हे नुकसान सोसले आहे. म्हणून हा विषय बैजवार मांडावा असे वाटले.

दोन वाटा, दोन नियम

औषधशास्त्राचे शिक्षण दोन प्रकारचे आहे. पहिला डिप्लोमा, म्हणजे डी. फार्म. हा दोन वर्षांचा असून त्यानंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते. याचा प्रवेश बारावी सायन्सच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही. दुसरा प्रकार पदवीचा, म्हणजे बी. फार्म. हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे ती एमएचटी-सीईटी या नावाची असून राज्याचा सीईटी कक्ष घेतो.

औषधाचे दुकान चालवण्यास नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली ही नोंदणी होते, आणि ती डिप्लोमा व पदवी दोन्हींवर मिळू शकते. मात्र औषध कारखान्यातली वरची कामे, औषध निरीक्षकाची सरकारी नोकरी, पुढचे एम. फार्म. यांना पदवीच लागते. डिप्लोमा झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेण्याची सोय आहे. म्हणजे डिप्लोमा ही काही बंद गल्ली नाही. पण पदवी हवी असेल तर सरळ वाट सीईटीची, हे ध्यानात ठेवावे.

बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन विषय हवेतच. तिसरा गणित किंवा जीवशास्त्र, कोणताही चालतो. बारावीत या विषयांचे मिळून किमान ४५ टक्के, आणि राज्यातल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांना ४० टक्के लागतात. "माझ्या पोरानं बायलॉजी सोडलंय, आता फार्मसी गेली," असे काही पालक म्हणतात. तसे नाही. ज्याचे जीवशास्त्र झालेले नाही त्याला पहिल्या सत्रात जीवशास्त्राचा पूरक विषय देतात, गणित नसलेल्याला गणिताचा.

परीक्षा असते कशी?

परीक्षा संगणकावर होते. एकूण २०० गुण आणि तीन तास. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक व रसायन, प्रत्येकी ५० प्रश्न, एका प्रश्नाला एक गुण. पुढच्या ९० मिनिटांत गणित गटाला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. जीवशास्त्र गटाला जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पहिली ९० मिनिटे संपली की तो भाग बंद होतो, मग मागे जाता येत नाही.

आता हिशेब करा. भौतिक-रसायनाच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. जीवशास्त्रालाही तेवढीच. गणिताला एक मिनिट ४८ सेकंद. प्रश्न वाचायचा, गणित मांडायचे आणि चारातला एक पर्याय निवडायचा, सगळे एवढ्यात. मुलाला येत नसते असे नाही. येत असते, पण वेळेत येत नसते.

चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची दोन-तीन मिनिटे राखून ठेवावीत आणि राहिलेल्या प्रश्नांवर काही ना काही खूण करून टाकावी. चार पर्यायांत अंदाजाने टिचकी मारली तरी बारा प्रश्नांत सरासरी तीन बरोबर येतात. तीन गुणांनी यादीत पुष्कळ जागा खालीवर होतात.

अकरावी म्हणजे लागण

या लेखातली मुख्य गोष्ट आता सांगतो. या परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि ८० टक्के बारावीवर. २०० पैकी ४० गुण अकरावीचे! अकरावीचे सगळे धडे नसतात, ठरावीक असतात. त्यांची यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळते. ती छापून भिंतीला लावावी.

आपल्याकडे अकरावी म्हणजे विसाव्याचे वर्ष अशी समजूत आहे. दहावीला पोराने जीव टाकलेला असतो, बारावीला पुन्हा टाकायचा असतो, मग मधले वर्ष सोडून द्यायचे. शेतकऱ्याला मी वेगळे काय सांगावे? जुलै-ऑगस्टात आडसाली लागण करायची, पहिले चार-सहा महिने तिकडे फिरकायचे नाही, आणि मग दिवाळीनंतर दुप्पट खत टाकले तर उसाचे वजन येईल का? फुटवे आधीच मेलेले असतात. अकरावीच्या प्रवेशापासून सीईटीपर्यंत वीस-एकवीस महिने मिळतात. आडसालीपेक्षा जास्तच. ही परीक्षा आडसाली पीक आहे. तिची सुरूची लागण करून भागत नाही.

माझ्या थोरल्याचे हेच झाले. अकरावी हुंदडण्यात गेली. बारावीला एकदम जाग आली, तेव्हा उसाच्या बिलातले पैसे आणि वर सोसायटीचे थोडे कर्ज घालून शहरात क्लास लावला, खोली घेऊन दिली. क्लासवाल्यांनी बारावी शिकवली, अकरावीची धावती उजळणी केली. परीक्षेच्या दिवशी भौतिकाचे सतरा प्रश्न बघायचेच राहिले. क्लासला दोष देत नाही. लागण उशिरा झाली होती, आणि ती मी होऊ दिली होती. तो डिप्लोमा करून मग पदवीला गेला. दोन वर्षांचा डिप्लोमा, वर प्रशिक्षणाचे काही महिने आणि पदवीची पुढची तीन वर्षे, असे चाराच्या जागी पाच वर्षांहून जास्त लागले. खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च त्या हिशेबाने वाढला.

अभ्यास करावा कसा?

धाकटी मात्र घरूनच कॉलेजला जात होती. तिच्याकडून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, पाठ्यपुस्तक. सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे, म्हणजे बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके हाच पाया. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. जाडजूड गाईडे घेण्याआधी हे पुस्तक ओळन् ओळ झाले पाहिजे. विशेषतः जीवशास्त्र आणि रसायन.

दुसरी गोष्ट, रोजची पाळी. कॉलेजात जो धडा झाला त्यावरचे वीस-पंचवीस वस्तुनिष्ठ प्रश्न त्याच दिवशी सोडवायचे. बारावीची लेखी परीक्षा झाली की महिना-दीड महिना मिळतो, त्यात सीईटी करू, असे म्हणणारा फसतो. तो काळ उजळणीचा आहे, शिकण्याचा नव्हे.

तिसरी गोष्ट, चुकांची वही. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा आणि पुढे कारण लिहायचे : सूत्र आठवले नाही, एकक चुकले, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपली. दर रविवारी ती वही चाळायची. रोगट बेट वेळीच उपटून टाकण्यासारखे हे काम आहे.

चौथी गोष्ट, संगणकाचा सराव. आपल्या मुलांचा मोबाईलवर हात बसलेला असतो, पण माऊस धरून पडद्यावर तीन तास परीक्षा देण्याची सवय नसते. सीईटी कक्ष सराव परीक्षा उपलब्ध करून देतो. कॉलेजच्या संगणक कक्षात, नाहीतर तालुक्याच्या केंद्रावर, घड्याळ लावून निदान दहा-बारा पूर्ण परीक्षा द्याव्यात. धाकटी पहिली सराव परीक्षा देऊन घरी आली तेव्हा रडवेली झाली होती. म्हणाली, "आप्पा, येत होतं सगळं, पण तीस प्रश्न राहिले." आठव्या परीक्षेला चार राहिले.

भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. पुढे कॉलेजात शिकवणे इंग्रजीत असते, म्हणून मराठीतून परीक्षा देणाऱ्यानेही शास्त्रीय शब्द इंग्रजीत पाठ ठेवावेत.

पर्सेंटाईलचे कोडे

निकालात गुण नसतात, पर्सेंटाईल असते. त्यावरून घरोघर गोंधळ होतो. नव्वद पर्सेंटाईल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. समजा, गव्हाणीपुढे उसाच्या शंभर गाड्या उभ्या आहेत. तुमच्या गाडीचे वजन त्यातल्या नव्वद गाड्यांइतके किंवा त्यांच्याहून जास्त भरले, तर तुम्ही नव्वद पर्सेंटाईलवर. वजन किती टन, हा प्रश्न वेगळा. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. एखादी सोपी, एखादी अवघड. म्हणून ज्या त्या सत्रातल्या मुलांशीच तुलना करतात. पेपर अवघड गेला म्हणून मुलाने हाय खाऊ नये. तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

कागदपत्रे आधी

परीक्षेचा अर्ज बारावीच्या लेखी परीक्षेपूर्वीच, हिवाळ्याच्या सुमारास भरायचा असतो. नीट देणाऱ्या मुलांनीही तो भरून ठेवावा, मागून पस्तावू नये.

अधिवास, जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, यांपैकी आपल्याला जे लागू असेल ते अकरावीतच हालवायला घ्यावे. जातवैधतेला वेळ लागतो. आमच्या धाकटीच्या वेळी मी बारावी निम्मी होईपर्यंत अर्जच केला नव्हता. वैधता प्रवेशाच्या अगदी तोंडावर हाती आली. दोन वर्षे पोरीने राबायचे आणि बापाच्या एका कागदापायी जागा जायची, या विचाराने कितीतरी रात्री झोप नव्हती.

प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घ्यावा. फीच्या सवलती त्यावर अवलंबून आहेत. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. आणि आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. पोरीची फी माफ होण्यासारखी असताना माहितीअभावी कोट्याची जागा विकत घेणे, हे उभ्या उसाला काडी लावण्यासारखे आहे.

कॉलेजांची पसंती देताना पहिल्या क्रमांकावर विचार करूनच नाव घालावे. पहिल्या फेरीत तेच मिळाले तर घ्यावे लागते. आणि फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असल्याची खात्री करावी. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या पदवीवर फार्मासिस्टची नोंदणी होत नाही. प्रवरानगर, वारणानगर यांसारख्या साखर कारखान्यांच्या परिसरातही फार्मसी कॉलेजे उभी आहेत. चांगल्या कॉलेजासाठी प्रत्येक वेळी पुणे-मुंबईच गाठावी लागते असे नाही.

धाकटीला तिसऱ्या पसंतीचे कॉलेज मिळाले. पहिल्या दोनांसाठी थोडे कमी पडले. रोज एसटीने जाते-येते. क्लासची फी वाचली, त्यात तिची पुस्तके आणि पास भागला.

त्या सभासदांना मी त्याच दिवशी जवळच्या केंद्रावर जाऊन अर्ज भरायला लावले. मुलगी परीक्षेला बसली, पण अकरावी कोरी होती. आता ती डिप्लोमा करते आहे, चांगली करते आहे. परवा ते पुन्हा भेटले आणि म्हणाले, "धाकटा औंदा अकरावीला गेलाय. यादी आणून भिंतीला लावलीय."

ज्यांच्या घरी यंदा कोणी अकरावीत गेले असेल, त्यांनी उसाच्या लागणीची तारीख जशी वहीत टिपून ठेवता, तशी हीही टिपून ठेवावी. पीक तिथून मोजायचे असते.

— एक ऊस उत्पादक सभासद