चुनखडी रान, हिराकस आणि शेणखत

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले, तेव्हा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिरायती रानात तेलबिया म्हटले की करडई, भुईमूग, तीळ आणि कारळे डोळ्यांसमोर येत. १९८६ मध्ये देशात तेलबिया अभियान सुरू झाले आणि पुढच्या काळात राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरकडे सोयाबीन पसरले. वाण सुधारले, पण जमिनीच्या पोटात दुसरेच काही घडत होते. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक आपोआप मिळत असे. डीएपीच्या गोणीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद आले, गंधक मात्र जवळपास नाहीच. तेल तयार होण्यासाठी गंधक लागतेच. तेलबियांच्याच रानातून ते कमी होत जावे, हे मला या साऱ्या काळातले सर्वांत मोठे दुर्लक्ष वाटते. दुसरीकडे शेणखताची गाडी आधी उसाकडे, कांद्याकडे वळली.

भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. तरी चुनखडीच्या काळ्या रानात लोह नसते असे नाही. सामू आठच्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही अशा रूपात अडकते. म्हणून नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकले तर तेही लवकरच अडकते. शेणखत कुजताना निघणारी सेंद्रिय आम्ले लोह आणि जस्त धरून ठेवतात, ती मुळांपर्यंत पोचू देतात. हिराकस आणि झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे, या शिफारशीमागे हेच कारण आहे. सेंद्रिय खत आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांची निवड एकमेकांविरुद्ध करायची नसते. या मातीत दुसऱ्याचे काम पहिल्यावाचून अर्धेच होते.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी स्वस्त पडते, मग खताचा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. फवारणीने पाने हिरवी होतात आणि उभे पीक सावरते, हे खरे. पण पुढच्या हंगामात रान तसेच असते. उलट, नुसत्या शेणखताने सारे भागेल हेही मला पटत नाही. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का असते, जस्त तर अगदी थोडे. मातीतच जस्त कमी असेल तर ते बाहेरून द्यावे लागते. शेण मिळत नाही ही तक्रार कोरडवाहू पाथर्डी-जामखेडपुरती ग्राह्य आहे. दुधात राज्यात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्याच्या बागायती भागात मात्र प्रश्न वाटणीचा आहे. सोयाबीनचा भुसा बांधावर न जाळता कुजवला आणि माती परीक्षणात कमी दिसलेले तेवढेच द्रव्य त्या खतात मुरवले, तर थोडक्या शेणातही पेरणीआधी रानाला पुरेल इतके मिश्रण होते.