काचेपलीकडची आई

काचेपलीकडे ओली बाळंतीण उभी, आत तिचं बाराशे ग्रॅमचं बाळ. वेळ संपली म्हणून तिला बाहेर काढायचं ते सिस्टरनं. बाळाला आईची ऊब हवी, हे सिस्टरलाच सर्वांत पक्कं ठाऊक असतं! योग्य काय ते कळतं, पण नियम हात बांधतात. या घुसमटीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' म्हटलं. त्यातून येणारा थकवा झोपून उतरत नाही.

आईची ऊब बाळापर्यंत पोचवायची एक वाट मात्र आहे. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ मध्ये इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. तीच कांगारू मातृसेवा. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, लंगोट, मोजे. मान एका बाजूला वळवलेली. श्वास मोकळा आहे ना, हे सिस्टर वाकून बघते, आणि आईला खुर्चीत नीट टेकवते.