जव्हार-मोखाड्याच्या भूकंपनांची नोंद

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. एक मोठा धक्का बसून पुढे लहान धक्के शमत जावेत, असा हा प्रकार नव्हता. धुंदलवाडीच्या परिसरात लहानमोठे धक्के महिनोन्महिने बसत राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये घराबाहेर पळताना पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला.

जव्हार हे धुंदलवाडीपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर आग्नेयेस आहे. दक्षिणेकडील भातसा जलाशयाच्या परिसरातही १९८३ मध्ये धक्के बसले होते. त्यांतील मोठा ४.९ तीव्रतेचा होता. जव्हार व मोखाडा हे तालुके या दोन क्षेत्रांच्या दरम्यान येतात. त्यामुळे येथील नोंदींस महत्त्व आहे.

भूकंपमापकावर प्रथम वेगवान प्राथमिक लहर पोहोचते, मागाहून दुय्यम लहर. दोहोंमधील सेकंदांना ८ ने गुणले की केंद्राचे अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते. ५ सेकंदांचा फरक म्हणजे ४० किलोमीटर. मात्र एका यंत्रावरून दिशा निश्चित होत नाही. त्यासाठी किमान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात. डहाणू परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने व राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने यंत्रे बसविली, ती याच कारणास्तव. भूकंपाचे भाकीत मात्र कोणतेही यंत्र करीत नाही. अमुक दिवशी धक्का बसणार, ही वार्ता अफवाच समजावी.

नोंदीचा खरा उपयोग घरांच्या बाबतीत आहे. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले हलके घर हादऱ्याबरोबर लवते. कूड ढासळला तरी माणूस चिरडला जाण्याचा धोका कमी. मातीत रचलेल्या विटांची भिंत व वर जड छप्पर, हे घर अधिक घातक. पक्के घर म्हणजे सुरक्षित घर, ही समजूत पाड्यापाड्यांत रूढ होत आहे. दाराखिडक्यांवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा नसेल तर ती फसवी ठरते. घरकुल मंजूर करताना ग्रामपंचायतीने हा पट्टा आवर्जून पाहावा.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. धक्का जाणवल्यास त्याची वेळ, भांडी वाजली की भिंतीस तडा गेला, एवढे तरी तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयास कळवावे. शाळेच्या भिंतीस तडा आढळल्यास, तपासणी होईपर्यंत शिक्षकांनी वर्ग त्या खोलीत भरवू नयेत.