किती पाणी, किती वेळात

12 ऑगस्ट 2000 रोजी बॅरेंट्स समुद्रात रशियाची ‘कुर्स्क’ ही अणुपाणबुडी दोन स्फोटांनी फुटली आणि सुमारे 108 मीटर खोलीवर तळाला जाऊन बसली. तिच्यावरच्या 118 जणांपैकी एकही वाचला नाही. पहिला स्फोट टॉर्पेडोमधून गळालेल्या तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडचा होता, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीने काढला. तो बराच गाजला. पुढची गोष्ट मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. स्फोटांनंतरही पाणबुडीच्या मागच्या टोकाला, नवव्या कप्प्यात, 23 माणसे जिवंत होती. दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याने अंधारात कागदावर त्यांची नोंद करून ठेवली होती. हवा श्वास घेण्याजोगी राहावी म्हणून त्यांच्यापाशी सुपरऑक्साइड भरलेले डबे होते. त्यातले रसायन कप्प्यात साचलेल्या तेलकट पाण्यात पडले आणि क्षणात आगीचा लोळ उठला. काही जण भाजून गेले, बाकीचे आगीतून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडने. ज्या रसायनाच्या आधारावर ती माणसे तग धरून होती, त्यानेच घात केला असे या घटनेबद्दल म्हणता येईल. पण त्या रसायनाने तिथे वेगळे असे काहीच केले नव्हते. डब्यात ते जे करते तेच त्याने पाण्यात केले, फक्त एकदम केले.

हे पटण्यासाठी थोडे आत शिरावे लागते. चुन्यासारख्या साध्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूला धातूकडून दोन इलेक्ट्रॉन मिळालेले असतात आणि तो तृप्त असतो. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि ते दोन इलेक्ट्रॉन दोघांत मिळून असतात. सुपरऑक्साइडमध्ये तर जोडीला मिळून एकच. त्यामुळे चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो, पण त्यातून विरलेला चुनाच मिळतो. सोडियम पेरॉक्साइडवर पाणी टाकले की दाहक सोडा तर होतोच, शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. पोटॅशियम सुपरऑक्साइडवर टाकले तर दाहक पोटॅश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीला मोकळा ऑक्सिजन थेट बुडबुड्यांनी बाहेर येतो. तिन्ही वेळा उष्णता सुटते. मात्र नंतरच्या दोन प्रकारांत उष्णता आणि ऑक्सिजन एकाच जागी, एकाच वेळी हजर होतात आणि जळणारे काही शेजारी असले की आगीला आणखी काही लागत नाही. कापसावर सोडियम पेरॉक्साइडची चिमूट पसरून पाण्याचा एक थेंब सोडला तर कापूस भडकतो. पाणी जळत नाही, पेरॉक्साइडही जळत नाही. जळतो तो कापूस.

तापमान आणि वेग यांच्या हाती किती सत्ता असते, हे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जन्मकथेतच दिसते. 1818 मध्ये फ्रान्समध्ये लुई-जाक तेनार याने बेरियम पेरॉक्साइडवर आम्ल घालून ते प्रथम मिळवले. आम्ल विरळ आणि थंड असणे महत्त्वाचे. सोडियम पेरॉक्साइड कोमट पाण्यात टाकले की तयार झालेले हायड्रोजन पेरॉक्साइड तिथल्या तिथे फुटते आणि ऑक्सिजन उडून जातो, कारण द्रावणात दाहक सोडा असतो आणि सोड्याच्या सहवासात ते टिकत नाही. आम्ल सोड्याला होऊच देत नाही, म्हणून ते टिकते. बेरियमच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: गंधकाम्ल वापरले की बेरियम सल्फेट पांढरा साका होऊन तळाशी बसते आणि वर जवळजवळ निव्वळ हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी राहते. मँगनीज डायऑक्साइडच्या सूत्रातही ऑक्सिजनचे दोन अणू असले तरी ते एकमेकांना जोडलेले नसतात. थंड विरळ आम्लात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघत नाही. उलट कुठून आणून घातलेच तर ते फोडायला हा डायऑक्साइड उत्प्रेरक म्हणून मदत करतो.

यावर कोणी म्हणेल की कुर्स्कवर दोष तेलाचा होता, रसायनाचा नव्हे. रसायनशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने हे खरे आहे. शुद्ध पाण्यात ते डबे नुसते फसफसले असते आणि भयंकर तापले असते. पण तेल नसलेली पाणबुडी कुठे असते? फुटलेल्या पाणबुडीत पाणी आणि वंगण एकत्र यायचेच, आणि ज्या घडीला हे डबे सर्वांत जास्त लागतात त्याच घडीला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘हळू म्हणजे सुरक्षित’ हा नियम सरसकट कसा मानायचा? आपल्या पेशींत श्वसनाच्या ओघात सुपरऑक्साइड सतत थोडे थोडे तयार होत असते आणि शरीर ते शक्य तितक्या वेगाने मोडते. 1969 मध्ये अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिले की हे काम एक खास एन्झाइम करते, आणि ती अभिक्रिया मुळात हीच: सुपरऑक्साइड आणि आम्लाचे हायड्रोजन आयन मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन. पुढे कॅटलेज हे दुसरे एन्झाइम त्या पेरॉक्साइडचे पाणी करते. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो तो याच एन्झाइममुळे. इथे वेग चालतो, कारण साठा होऊच दिलेला नसतो. म्हणजे पाहायचे ते एका वेळी किती माल पाण्याला भिडतो हे. पेशीत तो नगण्य असतो, कुर्स्कच्या कप्प्यात तो किलोंनी होता.

मग असली रसायने वापरायचीच कशाला? टॉर्पेडोपुरते उत्तर ब्रिटनने फार आधी दिले. 1955 मध्ये पोर्टलंड बंदरात ‘सिडॉन’ पाणबुडीवर पेरॉक्साइडच्या टॉर्पेडोचा स्फोट होऊन 13 जण मेले, आणि ब्रिटिश नौदलाने त्या टॉर्पेडोंचा नाद सोडला. श्वासाचे गणित मात्र तसे नाही. बंद जागेत ऑक्सिजन संपण्याआधी बहुधा कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. ऑक्सिजनची टाकी किंवा क्लोरेटची पेटती कांडी ऑक्सिजन देते, कार्बन डायऑक्साइड काढून घेत नाही. आणि त्याही काही निर्धोक नाहीत. पोटॅशियम सुपरऑक्साइड दोन्ही कामे करते: एक किलोतून साधारण एक तृतीयांश किलो ऑक्सिजन सुटतो आणि तयार झालेला दाहक पोटॅश तेवढाच कार्बन डायऑक्साइड शोषतो. माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे अडीच किलो भुकटीत एका माणसाचा एक दिवस निघतो. एवढ्या कमी वजनात हे दुसरे कोण देणार? म्हणूनच सोव्हिएत अंतराळयानांनी ते स्वीकारले आणि खाणकामगारांच्या कमरेला लावायच्या श्वसनयंत्रांतही तेच भरतात. तिथे रसायनापर्यंत पोहोचणारे पाणी म्हणजे कामगाराच्या स्वतःच्या उच्छ्वासातली वाफ, तीही फुंकरीफुंकरीने. बाकी ओल आत शिरू नये म्हणून डबा सीलबंद असतो. काही बनावटींवर ओल दाखवणारा ठिपका असतो. त्याचा रंग बदलला की तो डबा न उघडता बाद करतात.