गुरुजी चांगलं शिकवतात, हे ओळखायचं कसं? पालकांनी वर्गात बघाव्यात अशा पाच गोष्टी

शाळेला रंग दिला, कंपाऊंड झालं, वर्गात टीव्ही बसला, की गावात आपण म्हणतो शाळा सुधारली. या गोष्टी लागतातच. पण चौथीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नसेल तर रंगाचा काय उपयोग? पोरगं शिकतं ते वर्गात गुरुजी किंवा बाई रोज काय करतात त्यावर. आणि नेमकं तेच आपण कधी बघत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात तर याला जास्त महत्त्व आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्याला जातात, त्या मार्च-एप्रिलला परत येतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहिलेल्या पोरांची शाळा चालू राहते. आई-बापाबरोबर फडावर गेलेल्या पोराचे मात्र चार-पाच महिने बुडतात. परत आल्यावर ते वयाप्रमाणे पुढच्या वर्गात बसतं, धडा पुढे गेलेला असतो आणि ते मागच्या रांगेत गप्प होतं. असं पोरगं सावरणार की शाळा सोडणार, हे बरंचसं गुरुजींच्या हातोटीवर ठरतं.

ही हातोटी म्हणजे जादू नाही. ती शिकता येते आणि बाहेरून बघणाऱ्यालाही दिसते. अशा पाच गोष्टी खाली दिल्या आहेत.

१) कोणाला कुठपर्यंत येतं, याचा पत्ता

चांगले गुरुजी धडा उघडण्याआधी पोरांचा अंदाज घेतात. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत यासाठी एक साधी रीत वापरतात. पोराला एकट्याला जवळ बसवायचं आणि अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट यातलं काय वाचता येतं ते बघायचं. एका पोराला पाच-दहा मिनिटं पुरतात. मग दिवसातला एखादा तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. अक्षरं ओळखणारे एका बाजूला, उतारा वाचणारे दुसऱ्या बाजूला. फडावरून आलेलं चौथीतलं पोरगं या तासाला शब्दांच्या गटात बसलं तर त्यात कमीपणा नाही. तिथूनच ते पुढं जाणार आहे.

२) 'समजलं का?' एवढ्यावर न थांबणं

फळ्यावर गणित सोडवून 'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. त्यातल्या निम्म्यांना समजलेलं नसलं तरी 'हो'च येतो. म्हणून जाणते शिक्षक तसंच दुसरं गणित पाटीवर करायला लावतात, पाट्या वर धरायला सांगतात आणि एक नजर फिरवतात. कोण अडलंय ते लगेच कळतं.

प्रश्न विचारायचीही पद्धत असते. आधी नाव घेतलं की बाकीची पोरं निवांत होतात. आधी प्रश्न सगळ्यांना टाकायचा, जरा थांबायचं आणि मग नाव घ्यायचं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं तपासलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं मोठी आणि विचार करून आलेली होती, 'येत नाही' म्हणणारेही कमी झाले. फक्त थांबायचं, खर्च काही नाही.

३) चुकीच्या मागचं कारण शोधणं

५२ मधून २७ वजा करायला दिले आणि पोराने ३५ लिहिले. लाल फुली मारली तर काम संपलं, पण पोरगं तिथंच राहिलं. जरा बघितलं तर कळतं की त्याने ७ मधून २ वजा केले, कारण त्याला वाटतं मोठ्यातून लहान जातं. म्हणजे पोरगं ढ नाही, त्याला हातचा घेणं कळलेलं नाही.

इथं तुराट्यांचे तुकडे कामाला येतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन काड्या म्हणजे ५२. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे आणि सुट्या १२. त्यातून दोन गठ्ठे आणि सात काड्या काढल्या की उरतात २५. एकदा हाताने केलं की वहीतलं डोक्यात बसतं.

४) पोराची बोली आणि पोराची भीती

घरात एक बोली आणि पुस्तकात दुसरी, असं बऱ्याच पोरांचं होतं. बंजारा तांड्यावरच्या पोराला तर पुस्तकातली मराठी ही नवीच भाषा असते. अशा वेळी 'नीट बोल' म्हणून गप्प केलं की ते पुन्हा तोंड उघडत नाही. आधी त्याच्या बोलीत सांगू द्यायचं, मग तेच पुस्तकातल्या भाषेत कसं म्हणतात ते दाखवायचं.

मार देऊन पोरगं गप्प बसेल, शिकणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. 'गुरुजी, चांगलं बदडा याला' असं आपणही म्हणू नये.

५) दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणं

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता ठरलेल्याच. अशा वर्गात नियोजनच कामाला येतं. एका गटाला समोर बसवून शिकवायचं, तेव्हा दुसऱ्याच्या हातात काम पाहिजे. जोडीने वाचन, शब्दपट्ट्या, काड्यांवर गणितं, असं काहीही. वीस मिनिटांनी अदलाबदल. दुसरा गट नुसता फळ्यावरचं उतरवत बसला असेल तर तेवढा वेळ वाया गेला.

हे सगळं एका शिक्षकाने रोज करायचं म्हणजे सोपं नाही. त्यात माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं हेही असतं. त्यामुळे गुरुजींना जाब विचारण्याआधी त्यांचा शिकवायचा वेळ कुठं जातो तेही विचारा.

आपण काय करायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीची बैठक दर महिन्याला व्हायची असते. तिथं रजिस्टरवर सही करून उठू नका. तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेतली किती पोरं गोष्ट वाचू शकतात? जी वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी रोजचा कोणता वेळ ठेवलाय? फडावरून परत आलेल्या पोरांसाठी काय ठरलंय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मागे पडलेल्या मुलाला वयाच्या वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. ती मेहेरबानी नाही, पोराचा हक्क आहे.

केंद्राचं 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे २०२६-२७ पर्यंत गाठायचं त्याचं उद्दिष्ट आहे. आपल्या गावापुरतं ते तपासायला कोणत्या साहेबाची वाट बघायची गरज नाही. रात्री जेवणं झाली की पोराला दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा. अडखळलं तर रागावू नका. कुठं अडखळलं ते लक्षात ठेवा आणि सकाळी शाळेत जाऊन तेवढंच गुरुजींना सांगा.